गरोदर बाईचं व्यसन सोडवायला बक्षीस? हो, बक्षीस!

नमस्कार! "पोटात बाळ आहे, तरी सुटत नाही हिला?" हे वाक्य तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. बोलणाऱ्याला वाटतं, चार शब्द सुनावले की बाई ताळ्यावर येईल. होतं भलतंच. ती डॉक्टरांपासून लपवायला लागते, तपासणीला जायचंच टाळते.

म्हणून आज एका वेगळ्या उपचाराबद्दल बोलूया. नाव जड आहे, कन्टिन्जन्सी मॅनेजमेंट. काम मात्र सोपं. आठवड्यातून दोन-तीनदा लघवीची तपासणी. त्यात नशेचं काही सापडलं नाही, की तिथल्या तिथे खरेदीचं कूपन हातात. पुढच्या वेळीही काही नाही सापडलं, तर कूपनची रक्कम वाढते. सापडलं, तर त्या दिवशी कूपन नाही आणि रक्कम परत पहिल्या आकड्यावर. आरडाओरडा नाही, प्रवचन तर नाहीच.

हे चालतं कशामुळे? नशेचं सुख काही मिनिटांत मिळतं, बाळाचं सुख महिनोन् महिने लांब असतं. व्यसनात माणसाला जवळचं तेवढं खरं वाटतं. मग चांगलंही काहीतरी जवळ आणून ठेवायचं, आजच्या आज. अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठाच्या स्टीफन हिगिन्स यांनी ही कूपनं आधी कोकेनच्या रुग्णांना दिली, नंतर सिगारेट ओढणाऱ्या गरोदर बायकांना.

"म्हणजे नशा न करण्याचे पैसे द्यायचे?" ही कमेंट येणार, मला माहितीये. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोतला प्रयोग बघा, 2015 साली प्रसिद्ध झालेला. सिगारेट ओढणाऱ्या 612 गरोदर बायका. सगळ्यांना नेहमीची मदत, निम्म्यांना वर 400 पौंडांपर्यंतची कूपनं. गरोदरपणाच्या शेवटी कूपनवाल्यांपैकी 22.5 टक्के जणींची सिगारेट सुटलेली होती, बाकीच्यांत 8.6 टक्के. अर्थात, कूपन मिळूनही चारातल्या तिघींना जमलं नाही, हेही त्याच आकड्यात आहे. आणि हे आकडे तंबाखूचे. बेकायदा अंमली पदार्थांबद्दल कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यास पडताळून बघणाऱ्या संस्थेने, 2015 मध्येच सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नेहमीच्या चांगल्या उपचारांवर कूपन, समुपदेशन अशा मानसिक-सामाजिक उपायांची भर घालून ठळक फरक दिसला नाही. तरी मला विचाराल, तर ओरडण्यापेक्षा कूपन केव्हाही बरं.

दुसरी पद्धत मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. समुपदेशक सल्ले देत नाही, असे प्रश्न विचारतो की सोडायचं कारण तिच्याच तोंडून निघावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हेरॉईनसारख्या ओपिऑइडच्या व्यसनात नुसत्या बोलण्याने किंवा कूपनने भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की गरोदरपणात शरीरातून ते एकदम काढून टाकण्यापेक्षा मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू ठेवावं आणि सोबत समुपदेशन द्यावं. रोजची दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक थांबवल्या, तर फिट्स येऊ शकतात. तेव्हा घरच्यांनो, "आजपासून बंद" अशी शपथ तिला घालू नका. तिच्यासोबत डॉक्टरांकडे जा, आणि ती काय घेते, किती घेते, कधीपासून, हे तिला न घाबरता सांगू द्या.