पाठीवरचे सहा रंग

संगणकाच्या कॅबिनेटची ही मागची बाजू. यूएसबीच्या शेजारी आवाजाचे सहा गोल जॅक: गुलाबी, हिरवा, निळा, नारिंगी, काळा, राखाडी. तोंडं सगळ्यांची सारखीच, ३.५ मिलिमीटरची. कुठलीही पिन कशातही बसते, आणि घोळ होतो तो त्यामुळेच.

पिन जवळून बघा. दोन बारीक पट्ट्यांनी तिचे तीन भाग केले आहेत. टोकातून डावा आवाज जातो, मधल्या कड्यातून उजवा. बुडाचा लांब भाग ही दोघांची परतीची सामाईक वाट. हिची थोरली बहीण ६.३५ मिलिमीटरची, एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधली. या छायाचित्रात ऑपरेटर बायका तीच पिन एका भोकातून काढून दुसऱ्यात खोचताहेत. पिन बसली की दोन माणसांचं बोलणं जुळायचं. इलेक्ट्रिक गिटारला ती आजही लागते.

जुन्या साउंड कार्डांवर जॅक बहुधा एकाच रंगाचे असत. ओळख म्हणजे शेजारी पत्र्यावर उमटवलेली इवलीशी चिन्हं. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या ‘पीसी ९९’ या मार्गदर्शिकेने रंग ठरवून दिले, आणि एरवी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी ते उचलले. काही महागड्या मदरबोर्डांवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डांवर, आता सगळे जॅक पुन्हा काळे-सोनेरी येतात. दिसतात देखणे, पण टेबलाखाली तोंडात टॉर्च धरून वाकलेल्या माणसाला विचारा.

गुलाबी माइकचा. माइकचा सिग्नल मोजक्या मिलिव्होल्टचा, म्हणून इथे तो वाढवला जातो. शिवाय साध्या माइकला लागणारा थोडा विद्युतदाबही हाच जॅक पुरवतो. निळ्यात टेपरेकॉर्डरसारख्या यंत्राचा तयार सिग्नल येतो, साधारण व्होल्टभराचा. तो गुलाबीत घातला तर आवाज फाटतो. हिरवा हेडफोनचा, नाहीतर समोरच्या स्पीकरचा. काळा मागच्यांचा, राखाडी बाजूच्यांचा, नारिंगी मधल्या स्पीकरचा आणि सबवूफरचा. हिरव्यासकट हे चार जॅक, प्रत्येकात आवाजाच्या दोन वाहिन्या: ७.१ (सात स्पीकर, एक सबवूफर) म्हणतात ते हेच आठ.

आणि ही चौकोनी खाच ऑप्टिकल केबलची. झाकण सरकताच आत लाल प्रकाश! या केबलमधून वीज वाहत नाही, आवाज आकडे होऊन उजेडातून जातो. वायरिंगची घरघर त्यात शिरतच नाही.

पातळ लॅपटॉपवर एकच जॅक उरतो, चार भागांच्या पिनेचा. तसला हेडसेट या कॅबिनेटला जोडायचा तर मध्ये दोन फाट्यांची केबल लावायची, एक फाटा माइकचा, दुसरा हेडफोनचा.