जुनी जीप घरी उभी करताना: आधी ब्रेक, मग इंजिन

मंडळी, मराठवाड्यात जुनी जीप शोधायला फार लांब जावं लागत नाही. परभणी-हिंगोलीकडे एखाद्या आखाड्यावर, बीड-जालन्याकडे एखाद्या बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात सीजे-३बी किंवा एमएम-५४० (महिंद्राच्या जुन्या जीपची मॉडेलं) टायर बसलेल्या अवस्थेत उभी असते. एखादी काळी-पिवळी म्हणून दहा-पंधरा वर्षं राबून आलेली असते. अशी गाडी घरच्या शेडमध्ये उभी करणाऱ्याचा पहिला हात बोनेटकडे जातो. इंजिन सुरू झालं की गाडी झाली असं वाटतं. माझं म्हणणं याच्या उलट आहे. गाडी थांबली पाहिजे, वळली पाहिजे आणि रात्री दिसली पाहिजे. या तीन गोष्टी नव्या करा. बाकीचं यंत्र जुनंच ठेवा, पण नीट करा. आणि जो नवा भाग बसवाल तो तालुक्याच्या ठिकाणी मिळणारा असू द्या. ही गाडी मुळात चार पाने आणि एक हातोडी असलेल्या माणसाला दुरुस्त करता यावी अशी बनलेली आहे. आधुनिक करण्याच्या नादात तोच गुण घालवला तर गाडी पुन्हा शेडमध्येच जाऊन बसते.

पान्याला हात लावण्याआधी आरसी बघा. महिंद्राने १९४७ पासून आपल्याकडे अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीप जोडायला सुरुवात केली, आणि त्यानंतर कित्येक पेट्रोल जीपमध्ये गावोगाव डिझेल इंजिनं बसली. आरसीवर इंधन पेट्रोल आणि बोनेटखाली डिझेल हा प्रकार आपल्या भागात सर्रास सापडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा फेरफार चालत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद, दोन्ही लागतात. चेसिस नंबर वायरब्रशने साफ करून स्वतः वाचा. ग्राइंडर चुकूनही लावू नका, नंबर पुसट झाला तर पुढचा सगळा खटाटोप वाया. विंटेज नोंदणीचंही लोक विचारतात. २०२१ च्या नियमानुसार ती पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला मिळते, पण चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणजे विंटेज की आधुनिक, हे पहिल्याच दिवशी ठरवायचं. दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही.

आता चेसिस. आपली काळी माती इथं खरी वैरीण आहे. चिखल चेसिसच्या आत, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरमागे आणि मागच्या क्रॉसमेंबरमध्ये जाऊन बसतो. तो बाहेरून वाळतो, आतून ओलसरच राहतो, आणि पाणी निघायची भोकं बुजवून टाकतो. म्हणून आधी प्रेशरने धुण्याऐवजी वाळलेली माती खरवडून, टोचून काढा, मग धुवा. दोन दिवस ऊन दिल्यावर छोट्या हातोडीने इंचाइंचावर ठोका. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. खडूने खुणा करा.

चेसिस सरळ आहे का हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. सपाट फरशीवर गाडी चार स्टँडवर समतल ठेवा. पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या हँगर बोल्टांतून ओळंबा सोडा, फरशीवर चार खुणा करा, आणि तिरके दोन्ही कर्ण मोजा. पाच-सहा मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवून घ्या. त्याहून जास्त असेल तर चेसिस पिरगळलेली आहे, आणि ती सरळ झाल्याशिवाय पुढचं काम म्हणजे नुसता खर्च. कुजलेला भाग निरोगी लोखंड लागेपर्यंत कापायचा, तेवढ्याच जाडीचा, साधारण तीन मिलिमीटरचा तुकडा बसवायचा. वरून आधाराची पट्टी लावायची तर ती शंकरपाळ्यासारखी तिरक्या टोकांची कापा. चेसिसला आडवी सरळ वेल्डिंग मारली की पुढे नेमकी त्याच रेषेवर चीर जाते. वेल्डिंग थोडी इकडे, थोडी तिकडे करत जा, एका दमात मारली तर चॅनेल वाकतो. आणि त्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटर, दोन्हीची वायर काढून ठेवा, नाहीतर डायोड उडतील.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. या गाडीला पान्यांचे दोन संच लागतात. जुना भाग इंची आट्यांचा, नंतर बसवलेला बराचसा मिलिमीटरचा. तीन अष्टमांश इंचाचा आणि दहा मिलिमीटरचा बोल्ट हातात सारखाच वाटतो. नट एक-दीड फेरा फिरतो आणि अडतो. तिथं लांब पाना लावून दम दिला की आटे गेले. जुन्या सीजे-३बीच्या डाव्या चाकांचे नट तर उलट्या आट्यांचे असतात. पंक्चरवाल्याला हे आधीच सांगा, नाहीतर तो पाइप लावून स्टड तोडतो.

ब्रेकवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. सीजे-३बीला चारही चाकांना नऊ इंची ड्रम आणि एकेरी मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलच्या दाबाने नळ्यांत पोचवणारा) असतो. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून पहिला बदल दुहेरी मास्टर सिलिंडर, मग बाकीचं. पुढे डिस्क बसवायची असेल तर तीन गोष्टी समजून घ्या.

पहिली, ड्रमचा लायनर फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, त्यामुळे कमी जोरात काम भागतं. डिस्कमध्ये तसं होत नाही. म्हणून बूस्टरशिवाय (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याशिवाय) डिस्क लावली तर पेडल दगडासारखं लागतं आणि लोक म्हणतात, डिस्क बेकार. बूस्टरला व्हॅक्यूम लागतो. पेट्रोल इंजिनात तो मॅनिफोल्डमधून मिळतो. डिझेलमध्ये मिळत नाही, तिथं मागे व्हॅक्यूम पंप जोडलेला अल्टरनेटर घ्यावा लागतो. तो आपल्याकडे सहज मिळतो, पण त्याच्या पंपाला इंजिन ऑइलची नळी द्यायला विसरू नका, नाहीतर पंप लवकरच कोरडा जाऊन बसतो.

दुसरी गोष्ट गॅरेजमध्ये बहुधा कुणी सांगत नाही. ड्रमच्या लाइनमध्ये सुमारे दहा पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, म्हणजे चाकाच्या सिलिंडरमधल्या रबरी कपांच्या कडा फुगलेल्या राहतात आणि हवा आत येत नाही. तोच व्हॉल्व्ह डिस्कच्या लाइनमध्ये राहिला तर पॅड सतत घासतात, चाक तापतं. उलट जीपचा मास्टर सिलिंडर पेडलजवळ, फ्लोअरखाली असतो, म्हणजे जवळपास कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पातळीला किंवा त्याच्याही खाली. तिथं व्हॉल्व्हच नसेल तर ऑइल हळूहळू मागे सरकतं आणि सकाळी पहिलं पेडल खाली जातं. डिस्कच्या लाइनला दोन पीएसआयचा, ड्रमच्या लाइनला दहाचा, असा हिशोब ठेवा.

तिसरी, पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशा गाडीत मागचा दाब कमी करणारा समायोज्य व्हॉल्व्ह लागतो. सीजे-३बीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. एवढ्या आखूड गाडीची मागची चाकं आधी जाम झाली तर पहिल्या पावसातल्या डांबरावर गाडी फिरून उलट्या तोंडाला उभी राहते. मोकळ्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाने जोरात ब्रेक मारून बघा, पुढची चाकं आधी जाम झाली पाहिजेत. तसं होईपर्यंत व्हॉल्व्ह फिरवत राहा.

ब्रेकच्या नळीला साधी एसी-फ्रिजची तांब्याची नळी वापरू नका. थरथरीने ती कडक होते आणि फ्लेअरजवळ (नळीच्या पसरवलेल्या तोंडाजवळ) चिरते. स्टीलची किंवा तांबं-निकेलची नळी घ्या, फ्लेअर दुहेरी करा. ऑइल डॉट-३ किंवा डॉट-४. इंजिन ऑइलचा एक थेंब जरी गेला तरी रबरी कप फुगून बसतात. हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा.

हँडब्रेकचं वेगळं आहे. तो चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या शाफ्टवरच्या ड्रमवर असतो. तिथला ऑइल सील गळला की ड्रम तेलकट होतो आणि चढावर गाडी घसरते. लायनर बदलण्यात पैसे घालण्याआधी सील बदला. गाडी धावत असताना हा ब्रेक ओढू नका, सगळा ताण जॉइंट-क्रॉसवर येतो.

स्टीअरिंगची नेहमीची तक्रार म्हणजे पन्नासच्या पुढे हँडल थरथरतं. लोक लगेच पॉवर स्टीअरिंगचा विचार करतात. आधी किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीचे) बेअरिंग बघा. पुढचं चाक उचला, वर-खाली धरून हलवा, कुणालातरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबूनही चाक हललं तर दोष हबच्या बेअरिंगचा नाही, किंगपिनचा आहे. तिथले शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढून घट्टपणा आणा. मग टाय-रॉडचे बॉल, मग पाट्यांचे बुश, मग टो-इन (पुढच्या चाकांचा किंचित आतला कल). टो-इनला टायरवर खडूने रेघ मारा, पुढच्या आणि मागच्या बाजूने अंतर मोजा. पुढे दीड-दोन मिलिमीटर कमी असू द्या. उंची वाढवायला पुढे लांब शॅकल (पाटा चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या कड्या) लावले असतील तर कास्टर गेलेला असतो. किंगपिनचं वरचं टोक साधारण तीन अंश मागे झुकलं पाहिजे, तरच हँडल स्वतःहून सरळ येतं. एवढं करूनही पॉवर स्टीअरिंग हवंच असेल तर बॉक्स ज्या जागी बसेल तिथं चेसिसला आतून-बाहेरून पट्टी द्या, नाहीतर बोल्टच्या भोकांपासून चीर निघते.

इंजिन. सीजे-३बीचं पेट्रोल इंजिन २१९९ सीसीचं. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. थंड इंजिनाला व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फट इनटेकची ०.०१८ आणि एक्झॉस्टची ०.०१६ इंच. खोलण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. चारही सिलिंडरमध्ये फरक दहा पीएसआयपेक्षा जास्त असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गास्केट.

आपल्याकडे इंजिनं बसतात ती मात्र बहुधा पाण्यामुळे. बोअरचं पाणी जड. वर्षानुवर्षं तेच रेडिएटरमध्ये ओतलेलं असतं, आणि ब्लॉकच्या मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरभोवती गाळाचा थर बसलेला असतो. रेडिएटर नवा टाकूनही गाडी तापते ती याच्यामुळे. ब्लॉकच्या बाजूचे वेल्श प्लग (भोकं बुजवणारी पत्र्याची झाकणं) काढा, वाकड्या तारेने गाळ उकरा, दोन्ही बाजूंनी पाणी मारा, नवे प्लग ठोका. पुढे डिमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंट एवढंच. थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्या गॅरेजांची खोड आहे. त्याने मे महिन्यात फारसा फायदा होत नाही, आणि डिसेंबरात इंजिन तापतच नाही, ऑइल काळं-घट्ट होतं. रेडिएटरचं झाकण जुन्या दाबाचंच, सात पीएसआयच्या आसपासचं ठेवा; तेराचं झाकण जुन्या पितळी रेडिएटरचे झाळलेले सांधे उकलतं. पंख्याभोवती आच्छादन असेल तर चिखलवाटेने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जाताना फरक स्पष्ट कळतो.

आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुन्या पंपाचा डायफ्राम आणि नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. रबर मऊ होऊन फाटतं. सीजे-३बीची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, तेव्हा गळतीची थट्टा नको. नळ्या, डायफ्राम, गास्केटं इथेनॉलला टिकणाऱ्या रबराची घ्या. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं), प्लग पांढरा पडतो. कार्ब्युरेटरचा मोठा जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोटी) विकत घ्या, व्यासाने तीन-चार टक्क्यांनी मोठा पुरतो. हाताने भोक मोठं करू नका. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. पाणी शोषलेलं इथेनॉल तळाशी बसतं आणि पत्रा आतून खातं.

गिअरबॉक्सला जीएल-४ प्रतीचं ऑइल, ९० नंबर. जीएल-५ मधला गंधक पितळी सिंक्रोला (गिअर सहज पडू देणाऱ्या कड्यांना) खातो. डिफरन्शियलला जीएल-५ हवंच. गिअरबॉक्सची पातळी कमी आणि ट्रान्स्फर केसची जास्त दिसली तर मधला सील गेलाय, ऑइल इकडून तिकडे जातंय.

वायरिंग पूर्ण नवं करा, जोड देत बसू नका. हेडलाइटचे एच-४ बल्बचे दोन दिवे म्हणजे १२० वॅट, दहा अँपिअर. ते स्विचमधून न नेता रिलेमधून न्या, अडीच चौरस मिलिमीटरची वायर, पंधराचा फ्यूज. इंजिन ते चेसिस आणि चेसिस ते बॉडी, अशी वेगळी अर्थिंग द्या आणि तिथला रंग खरवडून लोखंड उघडं करा. निम्मे ‘इलेक्ट्रिक’ दोष तिथेच असतात. सीटबेल्टचे बोल्ट फ्लोअरच्या पत्र्यात नकोत, चेसिसला बांधलेल्या रोल बारला किंवा मागे जाड प्लेट देऊनच बसवा.

रंग शेवटी, आणि आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. मे महिन्यात पत्रा एवढा तापतो की रंग बसायच्या आधीच वाळतो आणि खरखरीत होतो. पावसाळ्यात धुरकट डाग येतात. रेड ऑक्साइड ओलावा अडवत नाही, चेसिसला इपॉक्सी प्रायमर मारा आणि चॅनेलच्या आत कॅव्हिटी वॅक्स सोडा. लांबी (पुट्टी) भरून सडका पत्रा लपवू नका. पीयू रंगाला साधा रुमाल चालत नाही. त्यातल्या आयसोसायनेटने कायमचा दमा लागू शकतो. रंगकाम बाहेरून करून घेतलेलं बरं.

गाडी रस्त्यावर आली की पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर यू-बोल्ट, चाकांचे नट आणि हेडचे बोल्ट पुन्हा आवळा. शॅकलचे बोल्ट मात्र गाडीचं वजन चाकांवर असतानाच आवळायचे, नाहीतर बुश पिळून लवकर फाटतात. आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून चालवू नका. मध्ये डिफरन्शियल नसल्यामुळे वळणावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात, लिव्हर अडकून बसतो. तो अडकलाच तर गाडी रिव्हर्समध्ये थोडी मागे घ्या, मग काढा. हातोडी मारू नका.