दोन पेडलांच्या गाडीतला क्लच

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुमच्यापैकी कुणाकडे मारुतीची एजीएसवाली, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी, सेलेरिओ किंवा वॅगन आर असेल, तर रात्री पार्किंगमध्ये सामसूम असताना ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून बघा. किल्ली लावायच्या आधीच बॉनेटखालून बारीक घरघर ऐकू येते. गाडी बंद, मग आवाज कसला, म्हणून नवे मालक घाबरतात. तो तेलाच्या पंपाचा आवाज आहे. तुम्ही बसून बेल्ट लावेपर्यंत पंप तेलाचा दाब तयार करून ठेवतो, कारण आता त्याच दाबावर क्लच दाबायचा आहे. माझं आजचं सगळं बोलणं एवढ्याच एका गोष्टीवर आहे. या गाडीतलं क्लचचं पेडल काढलंय, क्लच जागच्या जागी आहे.

शोरूममध्ये ‘ऑटोमॅटिक’ म्हणून सगळं एकाच रांगेत उभं असतं. पण जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे तेल भरलेला डबा. इंजिन एका बाजूने तेल घुसळतं आणि त्या तेलाच्या जोराने दुसरी बाजू फिरते. गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही, सोय झकास! पण घुसळण्यात शक्ती वाया जाते, आणि हजार सीसीच्या इंजिनाकडे वाया घालवायला असते कुठे? आपल्याकडे आय-टेन, ए-स्टार अशा छोट्या गाड्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये मिळायच्या. महाग पडायच्या, आणि अ‍ॅव्हरेजचं विचारलं की मालक हवापाण्यावर बोलायला लागायचे.

एएमटीत, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशनमध्ये, यातलं काही नाही. मारुतीचं एजीएस म्हणजे हेच. मॅन्युअल गाडीचाच गिअरबॉक्स, तीच कोरडी क्लच प्लेट, तीच प्रेशर प्लेट. वर एक किट बसवलेलं असतं. त्यात पंप, व्हॉल्व्ह, गिअर ओढणारे-ढकलणारे दांडे, सेन्सर आणि हे सगळं हलवणारा कॉम्प्युटर. हे किट मूळचं गरिबाघरचं नाही, बरं का. २६ मार्च १९८९ रोजी रिओच्या फॉर्म्युला वन शर्यतीत नायजेल मॅन्सेलने फेरारी ६४० पहिली आणली. जॉन बर्नार्डने बनवलेल्या त्या गाडीत गिअर बदलायला स्टिअरिंगमागच्या पट्ट्या होत्या. इलेक्ट्रॉनिक्स मॅग्नेटी मारेली या इटालियन कंपनीचं होतं. १९९७ला ते फेरारी ३५५मधून रस्त्यावर आलं, १९९९ला अल्फा रोमिओ १५६मध्ये. आणि फेब्रुवारी २०१४मध्ये त्याच कंपनीचं किट घेऊन सेलेरिओ आली, मॅन्युअलपेक्षा साधारण चाळीस हजारांनी महाग. पुढच्या वर्षी तर ६२४ सीसीच्या नॅनोलाही एएमटी मिळाली.

मधल्या काळात फोक्सवॅगनने एक गाडी काढली, तिचं मला विशेष कौतुक आहे. लुपो थ्री-एल, १९९९. तीन सिलिंडरचं बाराशे सीसी डिझेल इंजिन, आणि शंभर किलोमीटरला तीन लिटरपेक्षा कमी इंधन, म्हणजे लिटरला तेहतीसच्या वर. नावातला ‘थ्री-एल’ त्यावरूनच. थेंबाथेंबाचा हिशोब मांडणाऱ्या त्या इंजिनिअरांनी गिअरबॉक्स निवडला तो हाच, कॉम्प्युटरने चालणारा मॅन्युअल. एक्सलेटरवरून पाय उचलला की क्लच आपोआप दाबला जायचा आणि गाडी मोकळी धावायची. सिग्नलला थांबली की इंजिन बंद.

आता झटक्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त तक्रार त्याची. गाडी दुसऱ्या गिअरवर आहे, वेग पंचवीस-तीसच्या आसपास. कॉम्प्युटरने ठरवलं, तिसरा टाकायचा. आधी तो इंजिनाची रेस कमी करतो, मग क्लच दाबतो, दुसरा काढतो, तिसऱ्याच्या खाचेत दांडा नेतो, सिंक्रो रिंग दोन्हीकडचा वेग जुळवते, गिअर बसतो, क्लच हळूहळू सुटतो, रेस परत येते. एवढा वेळ चाकांना शक्ती मिळत नाही आणि तुमचं डोकं पुढे जातं. गंमत अशी, की मॅन्युअल गाडीतही हीच पोकळी असते. तिथे क्लच तुम्हीच दाबता, त्यामुळे मानेला आधीच खबर असते. इथे ती नसते. म्हणून गिअर पडायच्या वेळी एक्सलेटरवरचा पाय जरासा सैल करा. आठवडाभरात वेळ अंगवळणी पडते आणि मागे बसलेल्या आजी कुरकुर करायच्या थांबतात.

अ‍ॅव्हरेजचं काय? २०१४च्या सेलेरिओचा अधिकृत आकडा मॅन्युअलला आणि एएमटीला एकच होता, लिटरला २३.१. २०२१च्या नव्या सेलेरिओत व्हीएक्सआय या प्रकारात मॅन्युअलचा २५.२४ आणि एएमटीचा २६.६८. म्हणजे मशीन माणसाच्या पुढे गेलं! पण ही चाचणी कशी होते ते बघा. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे, तिथे आणि तशाच प्रयोगशाळांमध्ये गाडी रोलरवर चालवतात. वेगाचं वेळापत्रक ठरलेलं असतं, नव्वदच्या वर वेग जात नाही. मॅन्युअल गाडीला कुठे कुठला गिअर टाकायचा हेही ठरवून दिलेलं असतं. एएमटी मात्र स्वतःच्या अकलेने लवकर वरचा गिअर टाकते आणि तिथेच थेंब वाचतात. त्या रोलरवर ना हिंजवडीची संध्याकाळ असते, ना खंबाटकीचा चढ. माझं मत विचाराल तर आकडा खरा आहे, पण तो शिस्तीत चालणाऱ्या गाडीचा आहे.

घाटात कॉम्प्युटरची अक्कल कुठे संपते ते कळतं. त्याला रस्ता दिसत नाही. वळणाआधी तुम्ही पाय उचलता, तो समजतो साहेब निवांत आहेत, आणि वरचा गिअर टाकतो. वळणातून बाहेर पडून रेस दिली की गाडी गुदमरते, मग तो खाली येतो, आणि मधल्या पोकळीत मागचा ट्रक हॉर्न वाजवतो. म्हणून चढ लागला की लिव्हर एमवर, म्हणजे मॅन्युअलवर, घ्या आणि दुसरा-तिसरा गिअर स्वतः धरा. ती सोय शोभेसाठी दिलेली नाही.

आणि चढावर गाडी एक्सलेटरवर तोलून धरायची सवय आजच सोडा. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत तेल तापतं. एएमटीत तुम्ही हाफ क्लचवर, म्हणजे अर्धवट पकडलेल्या क्लचवर, उभे असता आणि प्लेट जळते. पाय कुठेच दाबलेला नसल्यामुळे ते जाणवत नाही एवढंच. काही गाड्या बझर वाजवून सांगतात, पण तोवर वास आलेला असतो. चढावर ब्रेक किंवा हँडब्रेक. ट्रॅफिकमध्येही बोट बोट पुढे सरकू नका, पुढे जागा होऊ द्या आणि मग एकदम जा. आणि बऱ्याच एएमटींच्या लिव्हरवर पी, म्हणजे पार्किंगचा खटका, नसतो. गाडी न्यूट्रलवर सोडून नुसत्या हँडब्रेकच्या भरवशावर जाऊ नका. मॅन्युअलसारखी गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करा.

कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे: जुनी एएमटी घ्यावी का? घ्या, पण सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प असेल तिथे ती घेऊन जा. मधोमध थांबा आणि परत निघा. थरथरली, नुसती रेस वाढून गाडी जागची हलली नाही, किंवा करपट वास आला, तर क्लच सेटचे पैसे किमतीतून वजा करून मगच बोला. मालक म्हणाला क्लच नवीन टाकलाय, तर बिल मागा. प्लेट बदलल्यावर क्लच नेमका कुठे पकडतो ते कॉम्प्युटरला स्कॅनर लावून नव्याने शिकवावं लागतं. ते काम बिलावर लिहिलेलं नसेल तर ज्याने प्लेट टाकली त्या गॅरेजला फोन करून विचारा, आणि तोवर टोकन देऊ नका.