एकट्यानं हुर्यो उडवता येत नाही, राजेहो

नमस्कार राजेहो. आयपीएल आलं की कमेंटमध्ये तोच प्रश्न: 'सर, हूटिंगले मराठीत काय म्हणतात?' हुर्यो. शब्द स्त्रीलिंगी, त्याच्याबरोबर क्रियापद उडवणे. त्याची हुर्यो उडवली. झालं व्याकरण. आणि हो, भारत जिंकल्यावर 'हुर्यो!' लिहू नका बावा, ते हुर्रे!

आता माझं खरं दुखणं. एका ताईंनी लिहिलं, 'पोळी करपली म्हणून सासूबाईंनी माझी हुर्यो उडवली.' ताई, स्वयंपाकघरात सासूबाई एकट्याच होत्या ना? मग तो टोमणा. फार तर टिंगल. हुर्योले गर्दी लागते, गर्दी!

२०२४ आठवा. हार्दिक पांड्या मुंबईचा कप्तान म्हणून वानखेडेवर टॉसला आला आणि स्टँडमधून 'ऊऊऊ' सुरू. समालोचक संजय मांजरेकरांना माईकवरून प्रेक्षकांना नीट वागा म्हणावं लागलं. ती हुर्यो. त्यात कोणी कोटी केली? विनोद केला? नाही, नुसता आवाज. त्याच्यावर कोणी तिरकस लेख लिहिला असता तर ती खिल्ली. खिल्ली माणूस घरी बसून, तर्री-पोहे खाता खाता एकटा उडवू शकतो.

अजून पटत नाही? मग माझीच फजिती ऐका. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी कविता वाचायला उभा राहिलो. तिसऱ्या ओळीला मागच्या बाकांवरून 'ओऽऽ ओऽऽ' सुरू झालं, कागद घडी करून खाली उतरलो. जिन्यात मित्र म्हणाला, 'काहून बे, कविता होती का हजेरी?' ही खिल्ली. त्याला मी तिथंच दोन शिव्या हासडल्या, हिशेब मिटला. पण मागच्या बाकांना काय म्हणणार? कोणाले म्हणणार? दीडशे पोरं, आणि चेहरा एकाचाही नाही.

कोणीतरी विचारलंय, मारबतीचीही (मिरवणुकीत नेतात ती बाईची प्रतिमा) हुर्योच का? नागपुरात पिवळी मारबत १८८५ पासून निघते, काळी त्याच्याही आधीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, जुन्या नागपुरात पाय ठेवायला जागा नसते. सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषी पुतळ्यांवर, महागाई, भ्रष्टाचार असले फलक. फलकावरचा मजकूर ही खिल्ली, बडगा पुढं सरकताना गर्दी जो कल्ला करते ती हुर्यो. पण 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी? तिला हुर्यो म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लोक मारबतीची पूजा करतात, मग जाळतात.

रेवडी उडवणे पण आहे, बरं का, तेही थट्टा करणंच. रेवडी वाटणं वेगळं, ते निवडणुकीआधी.

आता ट्रोलिंग. पाचशे जण एकाच्या फोटोखाली हसरे चेहरे टाकतात. आवाज नाही, म्हणून मी आधी नाही म्हणत होतो. पण उत्तर द्यायला समोर चेहरा तिथंही नसतो. हुर्योच म्हणा. पण पाचशे हवेत. तुमचा चुलतभाऊ एकटा हसला तर मला टॅग करू नका.