पद्मिनीच्या पत्र्यावरचा गंज

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या या शेडमध्ये उभी आहे ती प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची ही फियाट, 1974 पासून पद्मिनी या नावानं. मुंबईत ती टॅक्सी म्हणून सगळ्यांना माहीत, पण इकडं बेळगाव, खानापूर, निपाणीकडं अजून कुणाकुणाच्या परसात झाकून ठेवलेली सापडते, आणि खरं सांगायचं तर ते झाकणंच नडतं, कारण प्लास्टिकच्या कव्हरखाली पावसाळ्याची ओल कोंडून राहते अन् पत्रा आतल्या आत सडायला लागतो.

मडगार्डच्या कडेला रंगाला फोड आलेत बघा. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळं तो वरचा रंग उचलतो. बाहेर दिसतोय रुपयाएवढा डाग, आत किती पसरलाय ते खरवडल्याशिवाय कळत नाही.

मिस्त्री आधी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघतात. "आत घुसलं तर वेल्डिंगचं काम हाय, नाही घुसलं तर घासून निघतंय की." या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, म्हणून दरवाजाखालची पट्टी कुजली असेल तर नुसती लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरून रंग मारणं म्हणजे शुद्ध फसवणूक. पण बाजारात तेच जास्त चालतं.

इथं मात्र गंज वरवरचाच आहे. आधी तारेचा ब्रश, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, पत्रा चमकेपर्यंत. नंतर त्याहून बारीक 180, मग 320, आणि डागाच्या भोवतीचा चांगला रंगसुद्धा थोडा उतरवत न्यायचा, बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये, यात घाई केली की नवीन रंगाखालून जुन्या रंगाची कड डोकावणारच. तोंडाला मास्क हवाच, जुन्या रंगात शिसं असू शकतं, ती धूळ फुफ्फुसात कशाला?

बारीक खड्ड्यात जो काळपट गंज उरतो, तिथं पेपर पोचत नाही. त्याला फॉस्फरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावतात, गंजाचं फॉस्फेट होतं, डाग काळा पडतो. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ ठेवायचं, लिहिलं असेल तर धुवायचं, कोरडं करायचं, थिनरनं पुसायचं आणि लगेच इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात. उघड्या पत्र्याला नुसता हात लागला तरी घामाचा ठसा उमटतो, आणि बेळगावच्या जुलैत तर सकाळी घासलेला पत्रा संध्याकाळी परत तांबूस. म्हणून मिस्त्री हे काम दिवाळीनंतरच घेतात, गिऱ्हाईक कितीही मागं लागू दे. लांबी लागलीच तर ती प्रायमरवर, उघड्या पत्र्यावर नाही, कारण ती ओल शोषते.

आता दरवाजाची खालची कड. तिथं पाणी निचरायला भोकं असतात, ती मातीनं बुजतात, पाणी आतच साचतं, म्हणजे बाहेरून कितीही घासा, गंज आतून येतच राहणार. तारेचा तुकडा घालून मिस्त्री ती मोकळी करतात, चिखलाचा गोळा बाहेर पडतो, मग आतून मेण फवारतात. रंगाचं काम त्याच्यानंतर.