आवाज बंद करून

श्रोतेहो, नमस्कार.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चौतीस वर्षं टर्नर म्हणून लेथवर काम केलं. बोलायची फारशी सवय नाही. मशीनच्या आवाजात बोलून उपयोगही नसतो. पण 'मुलाच्या फुटबॉलविषयी बोला' असा निरोप आला आणि मी हो म्हणून बसलो, कारण आमच्या घरात गेली आठ वर्षं दुसरा विषयच नाही. आता खरं सांगतो. मी त्याचा फुटबॉल बघतच नाही, त्याचा डावा गुडघा बघतो. चेंडू कुठं होता, पास कुणी दिला, गोल कसा झाला, हे सगळं मला नंतर त्याच्या आईला विचारावं लागतं.

कोल्हापूरबाहेरच्या श्रोत्यांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडं तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. नाव तालमीचं, आत तांबडी माती आणि पोरांच्या पायात फुटबॉलचे बूट. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की पेठेत दुपारपासून कुणाचं कामात लक्ष नसतं. वर्ल्ड कपच्या महिन्यात गल्लीच्या एका तोंडाला ब्राझीलचा झेंडा, दुसऱ्या तोंडाला अर्जेंटिनाचा, आणि मधे राहणाऱ्यांनी जपून बोलायचं. 2017 साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप भारतात झाला. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव दिल्लीत भारताकडून खेळला आणि तोवर 'आधी परीक्षा, मग चेंडू' म्हणणारे आईबाप एकदम गप्प झाले. आमचा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, खेळायचा. पुढच्याच वर्षी बाहेरच्या एका क्लबशी करार झाला. करार म्हणजे चार पानं इंग्रजी आणि खाली सही. पेढे वाटले. पानं कुणी वाचली नाहीत. त्यात मीही आलो.

त्याच्या आधीची एक गोष्ट कबूल करून टाकतो. तो सतरा वर्षांचा असताना तालमीचा फायनलचा सामना होता आणि आदल्या दिवशी सरावात त्याचा घोटा सुजला. चांगला लिंबाएवढा. माझ्या हातानं मी क्रेप बँडेज आवळून बांधलं, वरून मोजा चढवला आणि म्हटलं, "पेठेचा सामना आहे, आज बसायचं नाही." तो खेळला. आम्ही जिंकलो. मिरवणुकीत पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. लोकांना वाटलं, कौतुक चाललंय. त्याला पाय टेकवत नव्हता, म्हणून उचलला होता.

आता 2021. कोरोनामुळं त्या वर्षी आय-लीग या देशपातळीवरच्या क्लब स्पर्धेचे सगळे सामने बंगालमध्ये झाले. कोलकाता आणि जवळचं कल्याणी. खेळाडू बायो-बबलमध्ये आणि प्रेक्षक एकही नाही. फेब्रुवारी महिना, कल्याणीतला सामना. मी टीव्हीसमोर, त्याची आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. दुसरा हाफ सुरू झाला होता. समोरच्या संघानं लांब चेंडू मारला, हा मागं वळला. त्याच्या आसपास दोन हातांवर कुणी नव्हतं. पाय जमिनीत रुतून राहिला आणि अंग फिरलं. चेंडू पुढं गेला, त्याच्यामागं कॅमेरा गेला, कॉमेंटरी करणाऱ्यालाही पत्ता नाही. पण स्टेडियम रिकामं. गवताच्या कडेला ठेवलेल्या माइकनं ते पकडलं. 'आई गं.'

संघात मणिपूरची पोरं, मिझोरामची, केरळची, दोन परदेशी. मैदान बंगालमधलं. तिथं 'आई गं' म्हणणारा एकच. त्याची आई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "कोण ओरडलं?" मी म्हटलं, "कुणी नाही." त्या दिवसापासून मी सामना आवाज बंद करून बघतो.

रात्री अकराला त्याचा फोन आला. "पप्पा, गुडघ्यात कट् झालं." दुखतंय म्हणाला नाही, कुणी मारलं म्हणाला नाही. कट् झालं, एवढंच. एमआरआय दोन दिवसांनी झाला, पण मला त्याच क्षणी कळलं. का कळलं ते पुढं सांगतो.

तुटलं होतं ते गुडघ्यातलं लिगामेंट, डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. मांडीचं हाड नडगीच्या हाडावर नुसतं टेकलेलं असतं. ते पुढंमागं सरकू नये, पिळलं जाऊ नये, म्हणून सांध्याच्या आत आडवी-तिरकी बांधलेली ही दोरी. जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब. ऐंशी किलोचा गडी पळता पळता गर्रकन वळतो तो या दोरीच्या जिवावर. आमच्या भाषेत सांगायचं तर ती तुटली की सांध्याला प्ले येतो. शाफ्ट फिरतो, पण जागेवर राहत नाही. आणि ही दोरी तुटली की बहुतेक वेळा आपली आपण सांधत नाही. फुटबॉल खेळणाऱ्या माणसाला सहसा नवीच बसवावी लागते.

ऑपरेशन मार्चमध्ये पुण्यात झालं. मांडीच्या मागची शीर, म्हणजे टेंडन, काढून तिच्या घड्या घालतात. मग हाडांना भोकं पाडून त्यातून ती ओवतात आणि पक्की करतात. हे ऐकल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, ड्रिल किती एमएमचा?" डॉक्टर हसले. म्हणाले, "आठचा. तुम्ही काय करता?" मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "मग तुम्हाला एक गोष्ट लवकर कळेल. जॉब बसवला म्हणजे झालं नाही, सेट व्हायला वेळ द्यावा लागतो. नऊ महिन्यांच्या आत सामना नाही." मी मान डोलावली. पोरगं छताकडं बघत होतं.

25 मार्चला भारताचा ओमानविरुद्ध सामना होता, दुबईला. हा पलंगावर, पायाला ब्रेस, खाली दोन उशा. त्या दिवशी कप्तान संदेश झिंगन. स्टॉपरच. 2019 मध्ये त्याचंही हेच लिगामेंट तुटलं होतं आणि पुढचा अख्खा मोसम त्याला बाहेर बसावं लागलं होतं. सामना एक-एक बरोबरीत सुटला. आमच्या घरात मात्र कुणीतरी जिंकल्यासारखं वातावरण होतं.

आणि एप्रिलमध्ये लॉकडाऊन पुन्हा लागला. फिजिओथेरपीचं सेंटर बंद. मग व्यायाम मोबाइलवर. कोपऱ्यात फोन उभा करायचा आणि पलीकडून फिजिओ ताई सांगणार. टाच ओढत आण, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेव आणि दाब, पाय सरळ ठेवून उचल. तिला मांडीचं माप हवं असायचं. लिगामेंट तुटल्यावर पुढचा मांडीचा स्नायू बघता बघता सुकतो, आणि तो भरून आल्याशिवाय गुडघ्याला आधार नाही. माप कोण घेणार? त्याची आई ब्लाउज शिवते. तिनं टेप काढली. गुडघ्याच्या वाटीपासून वर दहा सेंटिमीटरवर पेनानं खूण, तिथं दर रविवारी दोन्ही मांड्यांचा घेर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहायची. उजवा चौपन्न, डावा पन्नास. पुढच्या रविवारी डावा पन्नासच. त्याच्या पुढच्या रविवारी साडेपन्नास. अर्धा सेंटिमीटर वाढला म्हणून शिरा केलेलं घर आमचंच असेल.

दहाव्या आठवड्यात एक दिवस गच्चीवर धप् धप् आवाज आला. वर गेलो तर पठ्ठ्या चेंडू नाचवत होता, त्याच पायावर. म्हणाला, "पप्पा, अजिबात दुखत नाही." मी संध्याकाळी फिजिओला फोन लावला. तिनं जे सांगितलं ते मी आजही भेटेल त्या आईबापाला सांगतो. नवी बसवलेली शीर आधी कमजोर होते. शरीर तिच्यात नवी रक्तवाहिनी आणतं, तिला हळूहळू लिगामेंट बनवतं. त्याला महिनोन्‌महिने लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दुखणं थांबतं, सूज उतरते, माणूस जिने चढतो, आणि नेमकी तेव्हाच आतली दोरी सगळ्यात कच्ची असते. दुखत नाही हा काही पुरावा नव्हे.

मग आमच्यात रोनाल्डोवरून भांडण लागायचं. ब्राझीलचा रोनाल्डो. त्याची दुखापत वेगळी, वाटीखालच्या टेंडनची. त्या दुखापतीनंतर जवळपास पाच महिन्यांनी, 12 एप्रिल 2000 ला रोममध्ये तो इटलीच्या इंटर क्लबकडून मैदानात उतरला आणि काही मिनिटांतच चेंडू घेऊन पळताना कोसळला. कुणी हातही लावला नव्हता. टेंडन पूर्ण तुटलं. हे मी पोराला सांगायचो. तो म्हणायचा, "मग 2002 चं पण सांगा." 2002 च्या वर्ल्ड कपमध्ये त्याच रोनाल्डोनं आठ गोल मारले, जर्मनीविरुद्धच्या फायनलमधले दोन्ही त्याचेच. मी त्याला 2000 सांगायचो, तो मला 2002 सांगायचा, आणि त्याची आई म्हणायची, जेवून घ्या.

जूनमध्ये सेंटर उघडलं. तिथली एक दुपार. फिजिओ ताई त्याचा गुडघा तपासत होती. मांडी एका हातात घट्ट धरायची आणि नडगी दुसऱ्या हातानं पुढं ओढायची. ओढून ठक्कन थांबली की दोरी धरतेय. त्याची थांबली. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "ताई, माझाही उजवा जिना उतरताना सुटतो." ती म्हणाली, "झोपा काका." तिनं ओढलं. थांबलं नाही. पुन्हा ओढलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "काका, तुमचं लिगामेंट कधी गेलं?"

1989. शाहू स्टेडियम. मी बॅक खेळायचो. वळताना कट् आवाज आला होता. एकाकडं नेऊन चोळून घेतलं, हळद आणि तुरटीचा लेप लावला, सगळे म्हणाले मुरगळलाय. तीन आठवड्यांनी पट्टी बांधून पुन्हा उतरलो. नंतर गुडघा सुटायला लागला, मग फुटबॉल सुटला. घरात मी कायम सांगत आलो की कामामुळं खेळ सोडला. बत्तीस वर्षांनी त्या टेबलावर पोरासमोर खरं कळलं. तो काही बोलला नाही. परतताना गाडीवर मागं बसला होता, तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला त्या रात्री फोनवरच कळलं होतं." मी रस्त्याकडं बघत राहिलो.

क्लबचं थोडक्यात सांगतो, नाव घेत नाही. करार 31 मे पर्यंतचा. आपल्याकडं बहुतेक करार त्याच तारखेला संपतात. ऑपरेशनचा खर्च विम्यातून बराचसा मिळाला. जूनपासून फोन उचलेनात. कागदावर त्यांची चूक नव्हती. पुढच्या सहा महिन्यांच्या फिजिओचा खर्च कुणी द्यायचा, हे त्या चार पानांत कुठंच लिहिलेलं नव्हतं. ज्यांची मुलं आता सही करणार आहेत त्यांनी पेढे जरूर वाटावेत, पण पानं आधी कुणाकडून तरी वाचून घ्यावीत. दुखापतीत पगार चालू राहणार का, करार संपल्यावरचा इलाज कुणाचा, डॉक्टर कोण निवडणार. आपल्या देशात खेळाडूंची संघटना आहे, 2006 साली बायचुंग भूतियाच्या पुढाकारानं झालेली. मला ती माहीत झाली तेव्हा उशीर झाला होता.

नऊ महिने पुरे झाले. एका पायावर उडी मारून किती लांब जातो ते मोजतात. डाव्याची उडी उजव्याच्या निदान नव्वद टक्के तरी हवी. आम्ही गच्चीवर खडूनं रेघ मारून मोजायचो. दहाव्या महिन्यात भरली. दरम्यान तालमीची मंडळी दोनदा येऊन गेली. "काका, नुसता वीस मिनिटं उभा राहू दे, पोरांना धीर येतो." चांगली माणसं आहेत, पोराच्या ऑपरेशनच्या गडबडीत पैसे घेऊन उभी राहिलेली. त्यांना चहा दिला आणि नाही म्हटलं. घोट्याला पट्टी बांधणारा मी, मला ते नाही म्हणताना घाम फुटला होता. अजूनही एक-दोघं रस्त्यात तोंड फिरवतात.

पुढं त्याला लहानसा क्लब मिळाला. 2023 मध्ये त्याच गुडघ्यातली हाडांमधली गादी फाटली, टाके घातले, पाच महिने पुन्हा कॅलेंडर. त्या वेळी कुणी रडलं नाही. टेप कुठल्या खणात आहे ते सगळ्यांना माहीत होतं.

आता तो सत्तावीसचा आहे. पूर्वीसारखा पुढं धावून चेंडू काढत नाही, जागा धरून उभा राहतो. जाणकार म्हणतात, खेळ सुधारला. सराव आधी वीस मिनिटं फिफाच्या त्या ठरावीक वॉर्म-अपनं सुरू होतो: पळणं, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं. सुट्टीत आला की तालमीतल्या बारक्या पोरांकडून तो हे करून घेतो. पोरं कंटाळतात, चेंडू मागतात. तो चेंडू पायाखाली दाबून ठेवतो.

येत्या रविवारी दुपारी साडेतीनला त्याचा सामना आहे. मोबाइलवर दिसेल. त्याची आई म्हणते, या वेळी आवाज चालू ठेवू, प्रेक्षक असतात आता, टाळ्या तरी ऐकू येतील. मी अजून हो म्हटलेलं नाही. रविवारपर्यंत बघू.

नमस्कार.