एस.टी.ने येणारा डबा

मंडळी, नमस्कार.

आयुष्यात मिळालेल्या भेटींविषयी बोला, असं मंडळानं सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आला तो अ‍ॅल्युमिनियमचा डबा. झाकणावर खिळ्यानं ठोकून काढलेलं माझं नाव, आणि वरून आईच्या जुन्या निळ्या लुगड्याचा धडपा.

आमचं गाव गगनबावडा रस्त्यावर. दहावीनंतर मी कोल्हापूरला बोर्डिंगात आलो. राहायची सोय झाली, पण खानावळ परवडणारी नव्हती. मग आई पहाटे चूल पेटवायची आणि पहिल्या एस.टी.त डबा द्यायची. मी रंकाळा स्टँडवर हजर. ड्रायव्हरच्या मागं डब्यांची ही रास! कंडक्टर एकेक उचलून नाव पुकारायचे. गाठ सोडली की ज्वारीच्या दोन भाकऱ्या, झुणका, कडेला ठेचा. म्हैस व्यायली की खरवस. भाकरीवर आईच्या बोटांचे ठसे स्पष्ट दिसायचे. कितीदा तरी मी मोडायच्या आधी नुसता बघत बसलोय.

पाच वर्षं डबा आला. कुणी एक पैसा भाडं मागितलं नाही. पुरानं रस्ता बंद झाला की डबा यायचा नाही. तेव्हा खोलीतला कागलकडचा मित्र काही न बोलता आपल्यातली निम्मी भाकरी माझ्यापुढं सरकवायचा.

आणि ज्या छपराखाली ती खाल्ली, ते तरी कुणाचं देणं? 1901 मध्ये शाहू महाराजांच्या पुढाकारानं कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह निघालं. पुढच्या काही वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठीही निघाली. खेड्यातल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा मिळाली तर ते शिकेल, हे महाराजांनी ओळखलं होतं. 1922 मध्ये ते गेले. त्यानंतर साठ वर्षांनी मी तिथं वळकटी टाकली.

आई गेल्यावर डबा मी इकडं आणला. त्याआधी एका निवृत्त कंडक्टरमामांना शोधून काढलं, पाया पडलो. माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, त्यांना काही आठवेना. मग पिशवीतून डबा काढून पुढं ठेवला.

मामांनी झाकणावरून हात फिरवला. "निळ्या धडप्यातला न्हवं? गाठ सुटू देऊ नगा, म्हणून बजवायची तुझी आई. कदी सुटू दिली न्हाई बघ."